नदाफ सिस्टर आणि पाणमांजरांचं बेट

नदाफ सिस्टर एकदा बसल्या की बसल्या. दगडावर, गुडघ्यांना हातांचा विळखा घालून, नजर पाण्यावर. एक तास जाई, दुसरा जाई. मानेवर मुंगी चढली तरी हलायच्या नाहीत. हे मी कुणाला सांगितलं की आमच्या हॉस्पिटलातले लोक हसायचे. कारण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या तीन मजली हॉस्पिटलात नदाफ सिस्टरांना खुर्चीला टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चालता चालता चहा, चालता चालता केसपेपर, चालता चालता आम्हा पोरींना शिव्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की पेशंटचे नातेवाईकसुद्धा पलंगावरून उठून उभे राहात. अशी बाई दोन तास दगड होऊन बसते, यावर विश्वास बसायला त्यांच्याबरोबर बेटावरच जावं लागे. मी सलग नऊ वर्षं गेले.

त्या मूळच्या नेसरीकडच्या. वडील पिंजारी, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरत हिंडायचे. आई लवकर गेली. वडील परत येईपर्यंत ही पोर गावाबाहेरच्या ओढ्यावर बसून राहायची. "दुसरं काय करणार? बघत बसायचो," त्या म्हणत. कोल्हापुरी बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलत, आणि मोठ्या डॉक्टरांपुढेही त्यात बदल करत नसत. "खेकडं बघितलो, बगळं बघितलो. एकदा पाणमांजर बघितलो. कुणाला सांगितलं तर खरं वाटंना. मग सांगायचंच सोडलो."

एका वॉर्डातल्या चौघींना एकदम शनिवार-रविवार सुट्टी मिळणं ही काय चीज आहे, हे नर्सलाच कळेल. सिस्टर त्याची तयारी गणपतीपासून करत. गणपतीची ड्युटी त्यांची, दिवाळीची त्यांची, संक्रांतीची त्यांची. मग मार्चचं वेळापत्रक लागायच्या आधी त्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरत. "सगळ्यांचे सण मी केलो. आता मला दोन दिवस पायजेत. आणि ह्या तिघी पायजेत." त्या तिघी म्हणजे मी, जयसिंगपूरची बडबडी सुनीता आणि आमच्यात सगळ्यात हौशी रेखा, जी खर्डा, दही आणि भाकऱ्यांचा एवढा मोठा डबा आणायची की बोटीत आधी डबा बसे, मग रेखा.

एसटीने दोन तास, पुढे वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून अर्धा तास, आणि मग बाबूदाजींची होडी. धरण झालं तेव्हा एक गाव पाण्याखाली गेलं आणि त्या गावामागच्या टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. तेच आमचं बेट. वर देवीचं लहानसं देऊळ, पुढे पत्र्याची ओसरी, खाली उतरत जाणारे काळे खडक. बाबूदाजी पलीकडच्या काठावरच्या वस्तीत राहात. मासे धरत आणि कुणी आलंच तर बेटावर सोडत. सिस्टर पोचल्याबरोबर ओसरी झाडून काढत आणि देवळाकडे बघून म्हणत, "आई, दोन दिस ऱ्हातो हं." मग आमच्याकडे वळून पहिला हुकूम. "झोपा आता. जनावरं कुठं पळून जात न्हाईत."

पहिल्या वर्षी मला हे हास्यास्पद वाटलं. एवढ्या लांब झोपायला यायचं? पण सतरंजीवर अंग टाकलं आणि जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. कुणी "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून हाक मारली नव्हती. अशी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. उठले तर सिस्टर चुलीवर चहा ठेवून बसलेल्या, केस मोकळे सोडलेले, पाय पसरलेले. "झाली का झोप? तोंड बघ कसं झालंय. माणसासारखं."

बघायचं कसं, हे त्यांनी आम्हाला वॉर्डच्याच भाषेत शिकवलं. "आधी बघ, मग हात लाव," हे त्या पेशंटबाबत सांगत, तेच बेटावर. एकदा सुनीता बोलता बोलता खडकाळ पट्ट्यावरून चालली होती. सिस्टर मागून ओरडल्या, "सुने, हाय तिथं थांब! पाय खाली ठेवू नको." सुनीता एका पायावर. खाली बघितलं तर दोन पावलांवर, उघड्या खड्यांत, खड्यांच्याच रंगाची तीन अंडी. नदीसुरय पक्ष्याची. वर पक्षी घिरट्या घालून किंचाळत होता आणि आम्ही तो आवाज मघापासून कौतुकानं ऐकत होतो. "ती गाणं न्हाय म्हणत," सिस्टर म्हणाल्या. "तुला शिव्या घालायलीय." सुनीता आली त्याच पावलांवरून मागे गेली आणि तो सगळा दिवस जवळजवळ गप्प होती, ही त्या सहलीतली दुसरी दुर्मीळ गोष्ट.

आता ज्या मार्चबद्दल सांगायचं आहे, तो त्यानंतर तीन वर्षांनी आला.

रविवारी उजाडता उजाडता एक विचित्र आवाज आला. शिट्टीसारखा आणि मध्येच रडल्यासारखा. सिस्टर आधीच उठून खडकांकडे निघाल्या होत्या. आम्ही मागोमाग. पाण्याच्या कडेला बाबूदाजींचं जाळं लावलेलं होतं आणि त्यात एक पाणमांजर अडकलं होतं. चांगलं मोठं, तपकिरी, अंग तेल लावल्यासारखं चकचकीत. नायलॉनचा दोरा मानेत आणि पुढच्या पायात रुतलेला. ते झटका देई, तसं जाळं त्याला खाली ओढी. तोंड पाण्यात जाई, परत वर येई. थोड्या अंतरावरच्या खडकावर दुसरं एक पाणमांजर उभं होतं. शिट्टी तेच घालत होतं.

मी म्हणाले, "दाजी नऊला येणार आहेत. त्यांचं जाळं आहे, त्यांना विचारून..."

"तवर ते बुडतंय," सिस्टर म्हणाल्या. "रेखा, घोंगडं आण. शुभे, माझी ड्रेसिंगची कात्री." मी धावत जाऊन ती आणली.

पुढची पाच-सात मिनिटं मला अजून जशीच्या तशी दिसतात. सिस्टर कमरेएवढ्या पाण्यात. त्यांनी घोंगडं त्या जनावराच्या डोक्यावरून टाकलं आणि मला त्याचा मागचा भाग धरायला लावला. घोंगड्याखाली ते अशा काही ताकदीनं उसळत होतं की माझी पकड सुटत होती. "घट्ट धर, पण दाबू नको. पोटुशी बाई धरल्यासारखं." मग एक एक धागा. आधी मानेचा, मग पायाचा. पेशंटशी बोलावं तशा त्या बोलत होत्या, "झालं, झालं, एवढंच ऱ्हायलंय." शेवटचा धागा तुटला आणि त्याच क्षणी जनावरानं मान फिरवून त्यांचा डावा हात दातांत धरला. सिस्टर ओरडल्या नाहीत. उजव्या हातातली कात्री त्यांनी आधी लांब फेकली, त्याला लागू नये म्हणून. मग ते सुटलं. मागे वळून बघितलं वगैरे काही नाही. थेट पाण्यात, आणि खडकावरचंही त्याच्यामागे.

"साबण," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा मिनिटं धुवायचं. सुने, घड्याळ लाव." हाताला अंगठ्याजवळ खोल जखम होती. मी पाणी ओतत होते आणि रडत होते. त्या मात्र समोर पाण्याकडे बघत म्हणाल्या, "दात काय झकास हाईत गं."

नऊ वाजता बाबूदाजी आले. होडी बांधायच्या आधीच त्यांना जाळं दिसलं. मधोमध मोठं भगदाड. ते तसेच उभे राहिले. माणूस स्वभावानं शांत, पण आवाज चढला. "सिस्टर, काय केलासा ह्ये? मी तुम्हाला हितं आणायचं, आणि तुम्ही माझ्या पोटावर पाय द्यायचा?"

सुनीता पाणमांजराची बाजू मांडायला लागली. सिस्टरांनी तिला हातानंच थांबवलं.

"व्हय, कापलं मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला विचारायला वेळ नव्हता. पण तुमचं नुकसान झालं, ते खरं हाय. मी शिवून देतो."

"जाळं शिवणं म्हंजे चादर शिवणं न्हवं."

"मग शिकवा की. माणसाचं पोट शिवताना बघितलोय मी, ह्ये काय येणार न्हाय?"

दाजींनी आम्हाला पलीकडे नेलं आणि सिस्टरांना स्वतःच्या मोटरसायकलवरून ग्रामीण रुग्णालयात. तिथल्या तरुण डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, "कुठलं कुत्रं?" सिस्टर म्हणाल्या, "पाण्यातलं." डॉक्टर बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते, असं दाजींनी नंतर हसत सांगितलं. तोवर त्यांचा राग थोडा उतरला असावा.

आम्हाला वाटलं, आता थेट कोल्हापूर. पण सिस्टर फाटकं जाळं घेऊन दाजींच्या अंगणात येऊन बसल्या. सुनीताची आणि रेखाची सोमवारी सकाळची ड्युटी होती. त्यांना सिस्टरांनी दुपारच्या एसटीनं हाकलून दिलं. "तुझी ड्युटी संध्याकाळची," मला म्हणाल्या. "तू थांब. मला एकच हात हाय."

दाजींच्या बायकोनं, शेवंताकाकींनी, आम्हाला लाकडी सुई धरायला शिकवलं. सिस्टरांच्या डाव्या हाताला पट्टी. म्हणून डावा हात माझा आणि उजवा त्यांचा. मी जाळ्याचं एकेक घर ताणून धरायचं, त्यांनी सुई फिरवून गाठ मारायची. पहिल्या दहा गाठी काकींनी उसवल्या. "ह्यातनं मासाच काय, रेडा जाईल," त्या म्हणाल्या. सिस्टर नव्या पोरीसारख्या मान हलवून परत सुरू करायच्या. ज्यांच्या आवाजानं आमचा जिना थरथरे, त्या बाईला मी कुणाचंतरी असं निमूट ऐकताना पहिल्यांदाच बघत होते. मला त्या दिवशी त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पाण्यात उभ्या असतानाही वाटला नव्हता.

काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. आम्ही तिथेच राहिलो. सोमवारी उजाडल्यावर पुन्हा बसलो आणि शेवटची गाठ पडली तेव्हा सिस्टरांची सकाळची ड्युटी सुरू होऊन दोन तास झाले होते. दाजींनी जाळं उचललं, दोन्ही हातांनी ताणलं, उन्हाकडे धरून बघितलं. बघता बघता विचारलं, "ते जनावर वाचलं का?"

"पळत गेलं. पिल्लाची आई हाय ती. आचळं बघितलो मी, अंगावर पाजती ती."

दाजी जाळं गुंडाळत म्हणाले, "त्या खडकाच्या अंगाला आता न्हाई लावत. पलीकडं लावतो. तितंबी मासं हाईतच की."

हॉस्पिटलात सिस्टरांनी तीस वर्षांत पहिल्यांदा उशिराच्या रजिस्टरमध्ये सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जाळे कापले होते, ते शिवून दिले.' मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं, बोलावून सगळी हकीकत ऐकली आणि पुढची चारही इंजेक्शनं स्वतःच्या हातानं दिली. पण उशिराची नोंद मात्र सिस्टरांनी खोडू दिली नाही.

पुढच्या मार्चला आम्ही खडकांवर बसलो होतो. ऊन कोवळं होतं. पाण्यातून एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग धडपडत तीन लहान. मोठीनं मासा आणून खडकावर टाकला आणि पिल्लांची झोंबाझोंबी सुरू झाली. तीच मादी होती का, कुणास ठाऊक. सिस्टरांनी वॉर्डात फेरी मारताना बघावं तसं एकेकाला बघून घेतलं. "खात्यात नीट. पोटं भरलेली हाईत. धाकटं जरा किडकिडीत हाय, पण होईल बरं." बाबूदाजी मागे उभे होते. त्या वर्षी त्यांनी वस्तीतल्या बाकीच्यांनाही त्या अंगाला जाळं लावू दिलं नव्हतं. दोघांशी त्यावरून चांगलीच भांडणं झाली होती, हे आम्हाला काकींकडून कळलं.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि पुतण्याकडे गावी राहायला गेल्या. गुडघे गेले होते, होडीत चढणं होईना. गेल्या वर्षी त्या आजारी आहेत असं कळलं म्हणून मी भेटायला गेले. अंथरुणावर होत्या, अंग अर्धं झालं होतं. मी नाडी बघायला हात धरला तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. मार्चची सुट्टी मांडलीस का?"

"मांडते."

"मांडते न्हाय. मांडली म्हण. गणपतीची ड्युटी आत्ताच घे अंगावर. पोरी नवीन हाईत, दमत्यात."

मी घेतली. गणपतीच्या पाचव्या दिवशी, मी वॉर्डात असताना, त्या गेल्याचा फोन आला.

या मार्चला मी तीन नव्या मुलींना घेऊन गेले. एसटीत, जीपमध्ये मी मनाशी जुळवत होते, बेटावर पोचल्यावर यांना आमच्या सिस्टरांबद्दल कुठून सांगायला सुरुवात करावी. बाबूदाजी काठावर वाट बघत होते. बातमी मी फोनवर कळवलीच होती. त्यांनी इंजिनाच्या दोरीला हात लावला, मग सोडून दिला आणि वल्ही काढली. "आज हातानंच न्हेतो," म्हणाले. पोचायला खूप वेळ लागला. मध्यावर एका मुलीनं हळूच विचारलं, "एवढ्या आत हे बेट तुम्हाला दाखवलं कुणी?"

मी तोंड उघडलं, पण दाजींनी वल्हं न थांबवता माझ्याआधी उत्तर दिलं.

"आमच्या सिस्टर व्हत्या एक," ते म्हणाले, आणि पुढची सगळी गोष्ट त्यांनीच सांगितली. मी फक्त ऐकत राहिले.