चुन्याच्या निवळीत फुंकर

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी मी हसत सांगतो. ही सांगताना मात्र अजून दातओठ खातो, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

निजामाच्या राज्यात मी बोरीला मास्तर होतो. सरकारी गोदामातून एक लोखंडी पिंप मागून आणलं आणि त्यात म्हशीचं शेण कालवलं. वायू जमायचा, पण काडी लावली की काडीच विझायची. कारण त्यात कर्बाम्ल वायू फार; आपण श्वासातून सोडतो तोच. मग नळी काचेच्या बरणीतल्या चुन्याच्या दाट कालवणातून फिरवली. चुन्यानं तो वायू शोषला आणि निळी ज्योत उभी राहिली. बायकोनं धुराशिवाय भाकरी भाजली. गोवऱ्यांचं शेण ती पिंपात घालायला लागली. पिंप राहिलं तर तिच्या डोळ्यांचं पाणी थांबणार होतं.

ते ठेवायचं की नाही, हे ठरवायला परभणीहून साहेब आले. छाप पडावी म्हणून मी दाट चुना काढला आणि त्याच बरणीत नुसती स्वच्छ निवळी भरली.

"हुजूर, नळीतून फुंका. चुना वायू कसा पकडतो बघा."

साहेबांनी फुंकलं. निवळी पांढरी झाली.

"वाह जी मास्टर! और एक बार!"

मग कारकुनानं फुंकलं, ड्रायव्हरनं फुंकलं, शेवटी मीही फुंकलं. त्यानंतर ऐटीत तोटी उघडली. काडी विझली. दुसरीही विझली. सगळ्या लवाजम्याचा श्वास पिऊन निवळीतला चिमूटभर चुना केव्हाच संपला होता!

"हुजूर, चुना बदलतो. थोडं थांबा."

"देख लिये तुम्हारा तमाशा. पीपा वापस करो."

चुना बदलायला लागतो तेवढाही वेळ त्या माणसाकडे नव्हता. फुंकायला मात्र होता!

मोटार गेली. बायको दारात आली.

"शेण माझं, पिंप सरकारचं. तुमचं काय, तर फुंकणं!"

मी संतापानं दाट चुना कालवून बरणीत ओतला, काडी लावली. ज्योत भसकन उभी राहिली. तेवढ्यात शिपाई पिंप न्यायला आला.

"बघ, जळायलंय का न्हाई?" मी ओरडलो.

"जळायलंय की. लय झकास."

"मग जाऊन सांग साहेबाला!"

"साहेब म्हणले, जळत न्हाई. आता मी कसं म्हणू जळतंय, मास्तर?"

त्यानं त्याच ज्योतीवर विडी पेटवली, निवांत ओढून संपवली, तोटी बंद केली आणि बायकोच्या देखत पिंप आडवं केलं.