बुडणाऱ्या जहाजाचा वाटेकरी

कोल्हारच्या गहिनीनाथाने दुभती म्हैस विकून जहाजाचे शेअर घेतले, आणि ही बातमी पंचक्रोशीत त्याच्या आधी पोचली. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण मुंबईच्या गोदीत असलेल्या साडूने त्याला सांगितलं होतं की, समुद्रातलं तेल काढायला लोखंडी पायांचे अवाढव्य सांगाडे न्यावे लागतात. ते वाहणारं जहाज आधी मुद्दाम पाण्याखाली जातं, सांगाडा पाठीवर घेतं आणि वर येतं. म्हैस डुंबून उठते तसं. गहिनीनाथाला ते इतकं पटलं की, आपण लहान म्हैस देऊन मोठी घेतली, असं तो सांगत सुटला. मोठी दूध देईना, एवढंच मनकर्णेचं, त्याच्या बायकोचं, म्हणणं होतं.

खरी पंचाईत झाली पुष्पावतीची, त्यांच्या लेकीची. सोनईच्या काकासाहेबांच्या मुलाशी तिचं जमल्यात जमा होतं, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलगा तिच्या मनात भरला होता. तेवढ्यात काकासाहेबांचा निरोप आला, की बुडायचाच धंदा धरलेल्या घरची सोयरीक नको. पोरीने ताटाकडे पाठ फिरवली. बापाचं काळीज तुटलं, पण शेअर विकायचं काही त्याच्या मनात आलं नाही. त्याने उलट निरोप धाडला, की बुडालेलं वर कसं येतं ते एकदा डोळ्यांनी बघा, मग नाही म्हणा.

काकासाहेब आले ते थेट प्रवरेच्या काठी. दुष्काळ सरून नदीत पाणी आलं होतं. गहिनीनाथाने घराचं दार उचकटून त्याला ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्यूबा बांधल्या होत्या आणि वर दगड ठेवून ते पाण्याखाली बुडवलं होतं. घरात कुत्री शिरली असतील, याची फिकीर एकट्या मनकर्णेला. शेतातलं पाखरं राखायचं मचाण त्या दारावर नीट बसवलं गेलं. मग मनकर्णा काठावर बसून लांब नळीतून सायकलच्या पंपाने हवा भरू लागली. बराच वेळ फक्त बुडबुडे आले. नंतर मचाण हललं आणि दारासकट हळूहळू वर आलं.

गळ्याएवढ्या पाण्यात दोर धरून उभ्या गहिनीनाथाने काकासाहेबांकडे पाहिलं.

“मोकळं तर शेनबी तरंगतं,” काकासाहेब म्हणाले. “वर मानूस बसवा.”

काठावर गाव जमलं होतं. कुणी पुढं होईना. तेव्हा पुष्पावतीनं पदर खोचला, पाण्यात शिरली आणि मचाणावर चढून बसली. मचाण कलंडलं, डगमगलं, आणि सावरलं. ती खाली बघत नव्हती, काकासाहेबांकडे बघत होती.

“बाप बुडायला बसलाय,” काकासाहेब म्हणाले, “पर पोरगी वर ऱ्हाती. ही आमाला द्या.”

“आन् जहाज? पटलं का, पाव्हनं?” पाण्यातून गहिनीनाथाने विचारलं. पण काठावरची सगळी मंडळी सुपारी शोधायला लागली होती, आणि थांब म्हणायला कुणी नसल्यामुळे मनकर्णा हवा भरतच होती.