समुद्र बघायला आलेल्या बाई

वेल्समधल्या कार्डिफहून डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या एका दिवसाच्या कोच टूरवर त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. साठीच्या असाव्यात, लंडनच्या हॅरोहून एकट्याच आल्या होत्या. मी फोनवर मराठी बोलतोय हे ऐकून त्या बोलायला लागल्या.

"नजर जात चाललीय माझी. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत टिकेल. म्हटलं, तोवर बघून घ्यावं."

त्या दिवशी धुकं उतरलं ते हललंच नाही. किल्ला दिसला नाही, धबधब्याचा नुसता आवाज आला. तरी प्रत्येक स्टॉपला त्या उतरायच्या, स्कार्फने चष्मा पुसायच्या आणि मान पुढे काढून उभ्या राहायच्या. शेवटी समुद्र आला. तिथेही समोर सगळं पांढरंच होतं. त्या कठडा धरून बराच वेळ थांबल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अहो, पुन्हा एकदा या ना."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेवटी शेवटी असंच दिसेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेच बघायला आले मी एवढ्या लांब."

परतताना घाटात धुकं विरलं आणि खालची सगळी दरी उन्हात आली. त्या डोळे मिटून बसल्या होत्या; मी हळूच हाक मारली. त्या जाग्या होत्या.

"तुम्ही बघा," म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे उघडले नाहीत.