खोडलेले काटे

आदिलाबादच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत करारावर अटेंडंट होते. तिथले सर बाजारहत्नूरकडच्या एका तळ्यातल्या सूक्ष्म जीवांवर पीएचडी करत होते. मायक्रोस्कोपात पाहिलं की त्यांचं डोकं दुखायचं, म्हणून जीव मोजायचं आणि त्यांची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत माझी चित्रकला बरी होती.

त्या पाण्यात डोक्याशी केसांचं चक्र फिरवत हिरवं शेवाळ गिळणारे बारके जीव होते. त्यांनाच अख्खं गिळणारा एक मोठा, थैलीसारखा जीव होता. त्याचं अंग इतकं पारदर्शक, की गिळलेला बारका पोटात दिसायचा. एकदा स्वच्छ पाणी संपलं, म्हणून थैलीवाल्यांच्या बरणीतलं पाणी गाळून मी बारक्यांच्या बरणीत ओतलं. दोन दिवसांनी पाहते तर गुळगुळीत आयांच्या पिल्लांना मागे लांब काटे. थैलीवाला त्यांना तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. मी तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

सरांना सांगितलं, "सर, जात एकच हाय. खाणाऱ्याचं पाणी लागलं का लेकराईले काटे फुटतात."

बाटल्या नीट धुतल्या नसतील, दोन जाती मिसळल्या असतील, असं ते म्हणाले. पुस्तकातल्या चित्रात काटे नव्हते. त्यांनी खोडरबर पुढे केलं. मी त्यांच्यासमोर बसून एकेक काटा खोडला.

मोजणीच्या वहीत मात्र काटेवाल्यांची नोंद राहून गेली. सरांच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रयोगशाळेत ती वही चाळली आणि हे चित्रात का नाहीत, असं विचारलं. माझ्याकडे न बघता सर म्हणाले, अटेंडंटने नमुने मिसळले.

बाई माझ्याकडे वळल्या. "खरं आहे का हे?"

माझा करार दर जूनला सरांच्या सहीने पुढे जायचा. घरात पगार माझा एकटीचाच.

"हो मॅडम, चूक झाली माह्याकडून."

त्यांनी तसा शेरा लिहिला. संध्याकाळी सरांनी पेढे वाटले. मलाही दिला, आणि मी तो खाल्लाही.

पुढच्या जूनला सरांनी सही केली नाही. कागदावर कारण होतं, नमुने हाताळण्यात निष्काळजीपणा. मी प्राचार्यांकडे गेले. तुम्हीच कबूल केलं होतं, म्हणत त्यांनी बाईंचा शेरा दाखवला.

आता मी नेरडीगोंड्याच्या एका शाळेत शिपाई आहे. सरांचा राग येतोच. पण त्या बाईंनी पेन खाली ठेवलं होतं, माझ्या उत्तराची वाट बघत त्या बराच वेळ थांबल्या होत्या, हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.