तीनदा पाय उचलायचा

त्याच्या पायाला भिंगरी आहे, असं बायको म्हणायची. गॅरेजात तर सगळे त्याला चुळबुळेमामाच म्हणत. तरी गिऱ्हाईक कधी तुटलं नाही, कारण गाडी दुरुस्त झाली की मामा स्वतः ती चढावर पळवायचा आणि तीनदा एकदम अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. इंजिनाने कुरकुर केली नाही, तरच किल्ली मालकाच्या हातात.

जावयाची गाडी मात्र त्याने तशीच दिली. जावई म्हणजे दशमग्रह! त्याच्या, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरवाल्या गाडीतून पाय उचलताच ‘फुस्स’ असा रुबाबदार आवाज यायला हवा होता. मामाने उरलेली हवा परत आत नेणारी बायपासची नळी काढली, हवेला बाहेरची वाट दिली. लेकीला सातवा महिना. दोघं घाटापलीकडे निघाली होती, घाईत होती.

गाडी वळणाआड गेली. बाकावर उरलेली नळी मामाला दिसली आणि चूक त्याच्या ध्यानात आली. इंजिनातल्या हवेचा नुसता दाब मोजणाऱ्या गाडीला हे चालतं. ही तर हवा आत शिरते त्या तोंडाशीच ती मोजून तेवढं पेट्रोल सोडणारी. पाय उचलला की उरलेली हवा फिरून आतच यायला हवी. ती बाहेर गेली की पाहुणे उठून गेले तरी ताटं वाढतच राहावीत, तसं पेट्रोल येत राहणार. इंजिन गुदमरून बंद. आणि घाटाच्या उतारावर इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा कडक.

लेकीचा फोन लागेना. जावयाचाही लागेना. मामा दारापर्यंत जाई, परत येई, पाना उचले, ठेवे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली त्याला.

“अहो, बसा तरी!” बायको म्हणाली.

“कुठे बसू? पोरीला उतारावर धाडलंय मी!”

तो स्कूटर काढतोय तोच फोन वाजला.

“बाबा, आम्ही घाटाच्या अलीकडेच थांबलोय,” लेक म्हणाली. “चढावर ह्यांना तीनदा पाय उचलायला लावला. दुसऱ्यांदाच बंद पडली.”

मामा स्कूटरवरच बसला.

“तुम्ही उचलला नव्हता ना?”

“नाही गं.”

“वाटलंच मला. किल्ली देताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. या आता नळी घेऊन. आणि ह्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी गाडीत बसणार नाही तोवर.”