चोळलेला पाय

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर बायकोचा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं आणि चार दिवसांत त्याच पायाची पोटरी टणक, तांबूस झाली. लोणीतल्या आमच्या घरात यावर एकच उपाय, कोमट तेल आणि माझ्या वहिनींचे हात. मुरगळलेला पाय असो की बाळंतीण, अख्खी आळी त्यांच्याकडेच येते.

चोळायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "जरा दम लागतोय." मी ताट सरकवून गाडी काढली. न सांगता वहिनीही मागे बसल्या.

दवाखान्यात तातडीच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर. एक चौतीस, दुसरी साडेअडतीस. मी मनात वजाबाकी केली, मग पुन्हा केली. साडेचार सेंटिमीटर.

"पाय कुणी चोळला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," बायको लगेच म्हणाली. वहिनींकडे तिने पाहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ब्याण्णव, हवा त्यापेक्षा कमी. "शिरेत रक्ताची गुठळी असावी. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असेल तर जिवावर बेतेल. म्हणून खरं सांगा."

"मीच चोळला," वहिनी म्हणाल्या. "काल अन् आज सकाळी. लई जोर लावला."

"बाई, गप बसा ना," बायको त्यांना म्हणाली.

"तू गप बस. दम तुला लागतोय, मला न्हाई."

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र मांडीवर दाबलं. "चांगली शीर दाबली की मिटते," त्या म्हणाल्या. पडद्यावरचं काळं वर्तुळ मिटलं. गुडघ्यामागचं मात्र कितीही दाबलं तरी मिटेना. शेतातली क्षार साचलेली ठिबकची नळी बोटांत अशीच कडक लागते. रक्त पातळ करायचं इंजेक्शन तिथेच दिलं आणि छातीच्या स्कॅनसाठी तिला आत नेलं.

उजव्या फुप्फुसात लहान गुठळी निघाली. औषधाने विरघळेल, डॉक्टरबाई म्हणाल्या. ती चोळल्यामुळेच सुटली का, हे वहिनींनी दोनदा विचारलं. नक्की सांगता येत नाही, असं उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

वॉर्डात वहिनी हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली बायको त्यांच्याकडे बघत होती.

"बाई, पाय ऱ्हाऊ द्या. डोकं तरी दाबा."

वहिनींनी आधी नर्सकडे पाहिलं. तिने मान डोलावल्यावरच पदरातून हात काढले.