लाखेवरचं पाणी

"ठेव तिथी. फळीवर. अन् मांग सरक."

शेटचा मुनीम बोलला. मी केबलीची वेटोळी फळीवर ठेवली अन् मांग सरकली. बारा वेटोळी होती. मंग त्यानं तांब्या घेतला अन् चूळकाचूळकानं पाणी शिंपडलं. एकदा नाई, तीनदा. माह्या डोळ्यादेखत.

मी ओरडली, "मुनीमजी, वरची लाख ओली आहे! पाणी नोका टाकू!"

"तू मले शिकवते काय वं?"

माह्या हाताचा विटाळ फिटला, तवा कुठी त्यानं केबली उचलल्या अन् घरात नेल्या. शेटचं मांगचं दार होतं ते. पुढच्या दारानं आमाले कोणी येऊ देत नव्हतं. विटाळ पाळणं गुन्हा झाला, असा कायदा आला होता म्हणे. वरोऱ्याच्या त्या बोळीत तो पोचलाच नव्हता.

त्या केबली सुरुंगाच्या. माजरीकडच्या एका खाणीत जायच्या. कोळशात भोकं पाडून दारू भरतात, अन् लांब उभं राहून तारेतून वीज सोडतात. तारेतली वीज मंधात झिरपली तं बार उडत नाई. माणूस वाट पाहते, मंग काय झालं म्हणून जवळ जाते. अन् तवाच बार उडते. माह्या मालकाचा, म्हंजे नवऱ्याचा, उजवा डोळा अन् तीन बोटं अशीच गेली. खाणीनं त्याले घरी बसवलं. पण केबल कशी जोडाची, ते सारं त्याच्या डोक्यात होतं. तो सांगे, मी करू. तार सोलाची, पीळ द्याचा, कथलाचा डाग द्याचा, वरून रबराची पट्टी, मंग सुती फीत, अन् फितीवर लाखेचे तीन हात. लाख आमच्या जंगलातलीच. गोंड बाया फांद्या खरडून बाजारात आणत, मी ती स्पिरिटात विरघळवू.

केबली बांधून द्याचा ठेका शेटले भेटला होता. शेटनं जन्मात कधी पक्कड धरली नव्हती. त्याले करणारा पाहिजे होता, म्हणून तिघाइकडून नमुने मागवले. एक बिजलीच्या दुकानवाल्याचा, एक शेटच्या भाच्याचा, एक आमचा. खाणीच्या फोरमन साहेबानं तिन्ही केबली आढ्याले टांगल्या अन् कोळशाची पोती लटकवली. भाच्याचा जोड तं पोतं सोडताच निसटला! मंग साहेबानं हँडल फिरवाची पेटी आणली. काटा वर राह्यला तं केबल चांगली, खाली पडला तं झिरपते. दुकानवाल्याचा काटा अर्ध्यावर आला. आमचा हाललाच नाई.

"किसने बनाया?" साहेबानं विचारलं.

शेटनं तोंड वाकडं केलं, पण काम आमालेच द्या लागलं. पहिल्या खेपेवर वर्षाचं काम ठरणार होतं. माह्या घराले दुसरं काहीच नव्हतं. एक डोळ्याचा माणूस, दोन लेकरं, अन् हे काम.

मी बाराच्या ऐवजी चौदा बांधल्या. दोन घरी ठेवल्या, जोड कसा टिकते ते पाहाले. शेवटची लाख सुकाले दोन दिवस पाहिजे होते. पण शेटचा निरोप आला, आजच आण, सुकणं इथी होईन. म्हणून मी ओल्याच नेल्या.

चौथ्या दिवशी खाणीच्या आवारात बोलावणं आलं. माल खराब निघाला म्हणे. मालक अन् मी गेलो. निघता निघता घरच्या दोन केबली मी पिशवीत टाकल्या.

साहेब हँडल फिरवून राह्यला होता. काटा पडला. दुसरी लावली, पडला. बारा केबलीतल्या आठ गेल्या.

शेट म्हणाला, "साहेब, मी म्हणतच होतो. ह्या जातीच्या हाताले हे काम झेपत नाई."

माह्या मालकानं मान खाली घातली. ज्या कामापायी डोळा गेला, त्याच कामात त्याले नालायक म्हणून राह्यले होते. अंगाची आग झाली माह्या. मी पुढं गेली अन् जोड उचलून साहेबाच्या तोंडापुढं धरला. लाख पांढरी फक पडली होती, नखानं पापुद्रा निघे.

"साहेब, लाख ओली असतानी पाणी पडलं तवाच ती अशी होते. आता ह्या दोन पाहा. ह्याच खेपेच्या आहेत, माह्या घरी होत्या."

साहेबानं लावल्या. काटा हालला नाई. दोन्ही वेळा नाई.

"कौनसा पानी?" तो म्हणाला.

मी सांगितलं. फळी, तांब्या, सारं.

शेट जराही शरमला नाई. "साहेब, घरात देव आहेत. ह्याइचा माल आत घ्याचा तं शिंपडाच लागते."

मले वाटलं, आता साहेब त्याले झापन. साहेबानं घड्याळ पाह्यलं. "बाई, लाख पूरा सुखाके दिया करो. बात खतम." अन् गेला हापिसात.

झालं. पाणी तसंच राहणार होतं, लाखच सुकवून द्याची होती.

शेट जवळ आला, पण चार हात लांबच थांबला. आवाज गोड केला. "वर्षाचं काम तुलेच देतो. पाणीही थोडकंच टाकू. अन् ह्या आठ उनात वाळवून देऊन टाकू, काटा येते वर."

मालक हळूच म्हणाला, "हो म्हण."

माह्या तोंडात हो आलंच होतं. लेकरं दिसत होती. पण तवाच मले माही लाज वाटली. त्या दिवशी दारात मी काय ओरडली होती? लाख ओली आहे. माहा हात विटाळत नाई, असं नव्हती ओरडली. मले लाखेची काळजी होती, अन् माह्या विटाळापायी शिंपडल्या पाण्याची सवय झाली होती. अन् ह्या आठ केबली? उनात काटा वर येईन, खाली खाणीच्या ओलीत पुन्हा पडन. मंग न उडालेल्या बारापाशी कोण जाईन? आमच्याच वस्तीतला कोणी.

"नाई," मी म्हटलं.

कमरेची पक्कड काढली अन् आठही केबलीचे जोड तोडले. एकेक करून. शेट बोंबलत राह्यला, "माल माहा आहे! माल माहा आहे!" पण हात धराले पुढं आला नाई. कसा येणार? मी शिवली असती ना.

काम दुकानवाल्याले गेलं. मालक माह्याशी दोन दिवस बोलला नाई. त्या साली आमी मोहफुलं उकडून खाल्ली, अन् मले त्याचं काही गोड वाटलं असं मी सांगणार नाई. भूक ते भूकच असते.

पण तवापासून माहा कायदा एकच. केबल बांधून घ्याले कोणी आला, का नमुन्याच्या आधी मी त्याले पारखते. वेटोळं खाली ठेवत नाई, त्याच्या हातात देते. माह्या बोटाले बोट लावून त्यानं घेतलं तं काम करीन. नाई घेतलं तं त्यानं चालतं व्हावं, मंग घरात दाणा असो का नसो.